केल्टांचं तळं आणि आईचं उलथणं

सर्जापूर रोडवरून होसकोटेला जायचं असेल, तर आधी चामराजपेटला जाऊ नका. नेमकं उलट्या दिशेला, जुन्या शहरात आहे ते. मी गेले, कारण अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, घ्यायचं होतं. आई जाऊन वर्ष झालं. तेव्हापासून अण्णा तिच्याबद्दल चकार शब्द काढत नाहीत, तिच्या स्वयंपाकघरात गॅस पेटवू देत नाहीत आणि खानावळीचा डबा खातात. ते पाहून माझा जीव तुटतो.

म्हणून होसकोटेपुढच्या तळ्याकाठचं, दुःख सोडून द्यायला शिकवणारं हे शिबिर. युरोपातले प्राचीन केल्ट आणि जर्मन टोळ्यांचे लोक तलवारी, कढया मुद्दाम वाकवून तळ्यात सोडत. मोडलेली वस्तू माणसाच्या कामाची राहत नाही, मग ती देवाची, अशी त्यांची श्रद्धा होती म्हणे. आपणही जिवाभावाची वस्तू न्यायची, वाकवायची आणि सोडून द्यायची. दीड हजार रुपये माणशी भरून मी मोकळी झाले.

अण्णांनी आईचं उलथणं घेतलं. त्याची दांडी आधीच वाकडी होती. जन्मभर फिटर म्हणून काम केलेल्या नवऱ्याला आई वर्षानुवर्षं सांगायची, एवढं सरळ करून द्या. अण्णा 'उद्या' म्हणायचे.

सकाळी सातला निघूनही के. आर. पुरमच्या पुलाखाली पाऊण तास गेला. होसकोटेत इडली-वडा खाऊनच पुढे जा, शिबिरात फक्त काकडीचं पाणी मिळतं. शेवटचे तीन किलोमीटर नुसते खड्डे आहेत.

तळ्यावरचा पहारेकरी पाण्यात काही टाकू देईना. बरोबरच होतं त्याचं. मग हिरवा झगा घातलेल्या संचालकांनी निळा प्लॅस्टिकचा टब भरला आणि निलगिरीखाली उभं राहून ओक वृक्षांच्या पवित्र राईवर इंग्रजीत अर्धा तास भाषण दिलं. लोकांनी चमचे, किल्ल्या वाकवून टबात सोडल्या. अण्णांचं उलथणं पाहून संचालक खूश झाले. हे वाकलेलंच आहे, थेट सोडा म्हणाले.

"स्वल्प थांबा," अण्णा म्हणाले. त्यांनी हातोडी मागून घेतली, दगडापाशी बसले आणि दांडी सरळ करायला लागले. सरळ वस्तू देवाला चालत नाही, असं संचालक परोपरीनं समजावत होते. अण्णा ठोकतच होते. वीस माणसं ताटकळत उभी.

"अण्णा, सोडा ना आता ते," मी वैतागून म्हणाले.

त्यांनी एक डोळा मिटून दांडी पारखली, शर्टाला पुसली आणि उलथणं पिशवीत टाकलं. परतीचे अडीच तास मी समोरच्या प्रत्येक गाडीवर हॉर्न वाजवून राग काढला. शिबिर मी कुणालाही सुचवणार नाही.

चामराजपेटला त्यांना सोडून लगेच निघणार होते. पाणी पिऊन उठले, तेवढ्यात आतून गॅस पेटल्याचा आवाज आला. जाऊन पाहिलं. तेवढ्या वेळात अण्णांनी शेजारच्या अक्कांकडून डोशाचं पीठ आणलं होतं. पहिला डोसा तव्याला चिकटला. ते त्या सरळ उलथण्यानं तो खरवडत बसले.

"तवा तापू दे म्हणून ओरडली असती तुझी आई," ते म्हणाले.

मी गाडीची किल्ली ठेवली आणि ताटली पुढे केली.