शकीलाला सांगितलेलं दुखणं

शकीला कुणाच्याही घरी गेली की आधी पाणी मागायची. पेशंटकडे बघायच्याही आधी. खाली बैठक मारून गडवाभर पाणी निवांत प्यायची आणि मग विचारायची, "हं, सांगा बाई, आज दुखणं किती? पायलीभर का खंडीभर?"

ही आमच्याकडची धान मोजायची मापं. आम्ही नर्सिंगला दुखणं मोजायला शिकलो ते शून्य ते दहा. माझ्या आईचा जन्म धानाच्या बांधीतल्या चिखलात रोपांचं रोवणं करण्यात गेला. तिला मी "दहापैकी किती दुखतं?" असं विचारलं, तर म्हणाली, "मी का परीक्षेले बसली का?" शकीलाला मात्र लगेच उत्तर. "काल खंडीभर होतं व. आज दोन पायल्या."

मी बावीस वर्षं नोकरी झालेली जुनी नर्स. शकीला आरमोरीच्या एका शिंप्याची मुलगी. ती आमच्या दवाखान्यात आया म्हणून लागली आणि पुढे थोडं शिकून, बरे न होणाऱ्या पेशंटांना घरी जाऊन बघायचं काम करू लागली. पट्टी कशी धरायची हे तिला मी शिकवलं होतं, हे इथे मुद्दाम सांगते. आईच्या गालाला कॅन्सर झाला आणि डॉक्टरांनी "आता फक्त दुखू द्यायचं नाही" असं सांगून घरी पाठवलं, तेव्हा आमच्या गावात शकीलाच यायला लागली. जखमेचा वास जावा म्हणून गोळी कुटून तिची पूड जखमेवर भुरभुरवायची. तोंडावर फडकं नाही, कपाळावर आठी नाही. "माहं नाक शिंप्याच्या घरचं हाय बाई, त्याले कपड्याचाच वास समजते," म्हणायची. आई त्या सुजल्या गालानंही हसायची.

माझ्यासमोर ती कधी हसली नाही. "दुखते का?" विचारलं की, "नाई व मंदे, काई नाई." आणि शकीलाची स्कूटी अंगणात लागली की अर्धा तास कण्हून घ्यायची. मी दाराआड उभी राहून ऐकायची आणि माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. पोटची मुलगी मी, नर्स मी, सुट्टी काढून उशाशी बसलेली मी. मला दुसरं काही नको होतं. आईनं "दुखतंय" एवढं मला सांगावं, बस्स.

शेवटी एक दिवस मी शकीलाला अंगणातच अडवलं. "आता तू नको येऊस. तुला बाकीचे पेशंट आहेत. इथं मी आहे ना."

ती स्कूटीकडे वळली. "बरं ताई. पण मॉर्फिन घड्याळ पाहून देत जा. त्यांच्या तोंडाकडे पाहून नोका देऊ."

मला शिकवते! मी मुद्दाम तसं केलं नाही. आई मागेल तेव्हा देईन, म्हटलं. चार दिवस आईनं मागितलं नाही. बाटली होती तेवढीच राहिली आणि मी मनातून खूश. बघा, आपल्या माणसाच्या हाताला गुण असतो.

रोवण्याचे दिवस, गाव सगळं बांधीत. पाचव्या दिवशी मी बोअरिंगवरून पाणी घेऊन जरा लवकर परतले. आई कुशीवर वळून नखांनी भिंत ओरबाडत होती. हातभर सारवण उतरलं होतं. मला बघून तिनं हात पदराखाली घेतला. "मुंग्या होत्या व," म्हणाली.

मी शकीलाला फोन केला. दुसरं करणार काय?

ती आली, पाणी मागितलं, बसून प्यायली. मला एका शब्दानं बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. औषध दिलं, आईच्या नखांतली माती काढली आणि मग विचारलं, "बाई, हिच्यापासून काऊन लपवून राह्यल्या?"

"ते रडते," आई म्हणाली. "तुले काई होत नाई, म्हणून तुले सांगतो."

"मले होते, बाई. मी घरी जाऊन रडतो." शकीला उठली. "तुमची लेक हाय. तिले रडू द्या न थोडंसं."

एवढं बोलून ती गेली. पुढची मात्रा कधी द्यायची, हेही तिनं मला सांगितलं नाही.

दिवेलागणीला आईनं हाक मारली. "मंदे, दुखून राह्यलं व. कानापासून खाली. लय दुखते." मी रडले, रडतच औषध मोजलं आणि तिच्या ओठांना लावलं. कुणाचं दुखणं ऐकून मला आनंद झाला, असं आयुष्यात एकदाच घडलं.

त्यानंतर आई एकोणीस दिवस होती. रोज मला सांगायची. गेली तीही माझ्या मांडीवर. तेरवीला बाया म्हणाल्या, "लेक असावी तं अशी." शकीला बायांच्या शेवटच्या रांगेत जेवत होती. तिनंही मान डोलावली. मी तिचं नाव घेतलं नाही. आईनं शेवटी मला सांगितलं खरं, पण ते तिनं शकीलाचं ऐकून सांगितलं, आणि हे अजून मला सहन होत नाही.