त्रिकोणी हॉलमधल्या एकोणपन्नास जागा

यादी टाइप झाली होती. एकोणपन्नास मुलं, सगळी दहावी-बारावीची. संध्याकाळी यादी बोर्डावर लागणार होती आणि त्याआधी मला सुताराला डेस्कची ऑर्डर द्यायची होती.

मी इंटिरियरची कामं घेते. घाटकोपरच्या एका वस्तीत विहाराशेजारच्या हॉलची अभ्यासिका करायची होती. हॉल दोन रस्त्यांच्या बेचक्यात, म्हणून त्रिकोणी. आत मंडपाचे बांबू आणि जुनी कपाटं ठासून भरलेली. टेप फक्त भिंतींच्या कडेने नेता आली: एकोणचाळीस, बेचाळीस आणि पंचेचाळीस फूट.

त्रिकोणाचं क्षेत्रफळ म्हणजे पाया गुणिले उंची, भागिले दोन. उंची म्हणजे समोरच्या कोपऱ्यापासून पायाच्या भिंतीपर्यंतचं सरळ, काटकोनातलं अंतर. सामानामुळे ते मोजता येईना. मग साइटवर सर्रास करतात तेच मी केलं. बेचाळीसची भिंत पाया धरली, उरलेल्या दोन भिंतींची सरासरी काढली आणि तीच उंची मानली. सरासरीही बेचाळीसच. उत्तर आठशे ब्याऐंशी चौरस फूट. वाटेसकट एका डेस्कला अठरा, म्हणजे बरोबर एकोणपन्नास डेस्क. विहाराच्या कमिटीने तेवढी नावं निवडली.

सकाळच्या मीटिंगला अध्यक्ष कांबळेकाका होते आणि रणपिसेबाई. बाई शाळेत गणित शिकवून रिटायर झालेल्या.

“तिन्ही बाजू वाच गं,” बाई म्हणाल्या.

मी वाचल्या.

“तीनने भाग लाव. तेरा, चौदा, पंधरा. याचं क्षेत्रफळ मला झोपेतही येतं. चौऱ्याऐंशी. नऊने गुण, सातशे छप्पन्न. तुझे आठशे ब्याऐंशी कुठून आले?”

“पण बाई, उंची न मोजता?”

“उंची लागतच नाही. तिन्ही बाजूंची बेरीज कर. निम्मी घे.”

त्रेसष्ट आले. त्यातून एकेक बाजू वजा करायला सांगितली: चोवीस, एकवीस, अठरा. हे तीन आकडे आणि त्रेसष्ट, चारही एकमेकांशी गुणायचे आणि वर्गमूळ काढायचं. मी फोनवर केलं. सातशे छप्पन्न.

त्यात बेचाळीस डेस्क बसत होते.

“सात पोरं बाहेर?” कांबळेकाका म्हणाले. “अहो, मी घरोघरी सांगून बसलोय. आमच्या समोरची प्रज्ञा जिन्यात बसून अभ्यास करते. तिला काय सांगू?”

“मोजायच्या आधी सांगायची घाई कोणी केली?”

“बाई, आता मला छडी नका मारू.”

चूक माझी होती, म्हणून मी अर्धा तास मागून घेतला. सुटे डेस्क मांडले की वाटांतच जागा जाते. लांब टेबलं, दोन्ही बाजूंनी समोरासमोर खुर्च्या, असं केलं तर माणशी पंधरा चौरस फूट पुरतात. एकोणपन्नास गुणिले पंधरा, सातशे पस्तीस. उरलेल्या एकवीस चौरस फुटांत चपलांचा रॅक. मध्ये पार्टिशन मात्र मिळणार नव्हती.

“कोपराला कोपर लागेल. भांडतील,” काका म्हणाले.

“भांडू देत,” बाई म्हणाल्या. “आत बसून भांडतील ना?”

यादी ठरल्याप्रमाणे संध्याकाळी लागली. सुताराने अजून एकही प्लाय कापला नव्हता. पुढच्या आठवड्यात सामान निघाल्यावर मी उंची मोजली: छत्तीस फूट. छत्तीस गुणिले बेचाळीस, भागिले दोन. सातशे छप्पन्नच.

तिरकी भिंत उंचीपेक्षा लांबच असते, त्यामुळे सरासरीची ही युक्ती कायम जास्त जागा दाखवते. आणि जास्त जागा दाखवणाऱ्या आकड्याला सहसा कोणी प्रश्न विचारत नाही. बाईंनी विचारला, म्हणून सात मुलांची नावं लागून पुसली गेली नाहीत. मी त्यांचे आभार मानायला गेले.

“आभार राहू देत,” त्या म्हणाल्या. “रविवारी ये. पोरांना हे सूत्र शिकवायचंय. फळ्यावर चुकीची रीत तू करून दाखव.”

मी गेले.