उपाशीपोटी तपासणी

सत्तरच्या दशकात मी वर्ध्याला माजी सैनिकांच्या कार्यालयात टायपिस्ट होते. हिंगणघाटकडचे एक जवान अपंगत्वाच्या पेन्शनसाठी यायचे. सीमेवर असताना जडलेलं आतड्याचं दुखणं घरी आल्यावरही सुटलं नव्हतं. दाढी गुळगुळीत, बूट चकचकीत आणि खुर्ची नेहमी दाराजवळची, कारण संडास तिथून चार पावलांवर होता.

नागपूरच्या डॉक्टरांनी 'त्रास आढळला नाही' असं लिहून अर्ज परत पाठवला, तेव्हा मी विचारलं, "असं कसं झालं, भाऊ?"

"दोन दिवस अन्नच नाई घेतलं, बाई. साहेबासमोर फजिती नको."

मला रागच आला. पुन्हा तपासणी व्हावी असा अर्ज टाइप केला आणि बजावलं, "या वेळी पोटभर जेवून जा."

"अन् भरल्या एस.टी.त लागली तं?"

"गाडी थांबवायला सांगायचं."

"गोळीले नाई भेलो मी, बाई. पन बायामानसांसमोर गाडी थांबवा म्हनाले भेतो."

त्यांनी अर्ज पुढे ओढला आणि सही केली.

"पयल्या गाडीनं जातो," ते म्हणाले. "तिच्यात गर्दी कमी राह्यते."