वरातीतली सुरावट

निपाणीत आमच्या गल्लीतून वरात निघाली, की शेजारचे काका ताटावरून उठून फाटकाशी येत. गावातल्या एकाच बँडवर त्यांचा आणि माझ्या वडिलांचा, अण्णांचा, जीव होता. क्लॅरिनेटवाला एका गाण्यातली सुरावट दुसऱ्या गाण्यात लपवतो, असं काका म्हणत. अण्णा म्हणत, "तुझं कान वाजत्यात."

अण्णा गेल्यापासून काका वरातीला बाहेर येत नव्हते. काल आले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "हरला रं तुझा बाप. त्याच्या मयतीत बँडनं वरातीचीच सुरावट वाजीवली, लई संथ करून. सांगाया म्हणून त्याच्याकडं वळलो, तर त्यो पुढं, तिरडीवर."

मला सुरांतलं काही कळत नाही. तरी म्हणालो, "दोन्ही म्हणून दाखवा की, काका."

त्यांनी वरातीची म्हटली. दुसरी त्यांना म्हणता आली नाही.