चीजवरची माशी

"माशी कुठे गेली?" फ्राऊ डॉक्टर लिंडनरनी विचारलं.

मीटिंग रूमच्या पडद्यावर एक जुनं डच स्वयंपाकघर झळकत होतं. भांडी घासणारी मोलकरीण, टेबलावर अर्धा कापलेला चीजचा गोळा. लिंडनरबाई म्युझियमच्या चित्रविभागाच्या प्रमुख. त्यांची ऑर्डर मिळाली, तरच जर्मनीत येनातल्या आमच्या छोट्या कंपनीत माझी नोकरी पक्की होणार होती. प्रोबेत्साइट, म्हणजे नोकरीतला परीक्षेचा काळ, संपत आला होता. तिकडे पुण्यात बायको बॅगा भरून बसली होती.

माझं काम सांगतो. तेव्हा म्युझियमवाले चित्राचा मोठ्या फिल्मवर फोटो काढत आणि ती फिल्म आम्ही स्कॅन करायचो. फिल्मवर धूळ बसली की स्कॅनमध्ये काळे ठिपके दिसतात. ते पुसणारं सॉफ्टवेअर मी लिहिलं होतं. बारीक ठिपके ते आपले आपण पुसायचं. मोठा डाग असेल तर विचारायचं, 'पुसू का?'

चीजवरच्या डागाबद्दलही त्याने विचारलं होतं. मी झूम केलं, तर माशी! वाटलं, मेली फिल्मवर बसून चिरडली असणार. खायच्या वस्तूवर कुणी मुद्दाम माशी रंगवेल, हे आमच्या घरच्या वळणात बसणारं नव्हतं. मी 'हो' दाबलं.

"कसली माशी?" आमचे बॉस हेर क्राउझ माझ्याकडे बघत म्हणाले.

"घाण होती. साफ केली," मी म्हणालो. चक्क अभिमानाने.

बाईंनी चष्मा काढला. "अहो, हे चित्रकार रोजचं घर रंगवायचे. पसारा, उष्टं-खरकटं, सगळं. ही माशी इतकी हुबेहूब आहे की लोक हाकलायला हात पुढे करतात. आमच्याकडे निम्मी गर्दी तिच्यासाठी होते!"

क्राउझसाहेबांचा चेहरा पांढराफटक पडला.

"मलाही खरीच वाटली," मी चाचरत म्हणालो. "म्हणून तर मारली."

बाई हसायला लागल्या, इतक्या की त्यांना ठसका लागला. "अहो, एवढी दाद त्या चित्रकाराला जन्मात मिळाली नसेल!"

क्राउझसाहेब मात्र हसले नाहीत. मूळ स्कॅन जपून ठेवलाय ना, एवढंच त्यांनी विचारलं. ठेवला होता. पाच मिनिटांत माशी चीजवर परत बसली.

ऑर्डर मिळाली, नोकरी पक्की झाली, बायकोही आली. बाईंनी करारात एकच अट घातली: 'पुसू का?'चं उत्तर म्युझियमचा माणूस देईल. मला वाईट वाटलं, पण अट रास्त होती. सॉफ्टवेअरने विचारलेल्या प्रश्नाला ते लिहिणाऱ्याने उत्तर देऊ नये. त्यातून त्याला स्वच्छतेची फार आवड असेल, तर मुळीच नाही.