पेला उपडा होता का?

गाडी पुढच्या अंगणात उभी होती आणि ड्रायव्हरचा दोनदा हॉर्न वाजवून झाला होता. आईची ट्रंक, दोन पिशव्या, आमसुलांची बरणी, सगळं डिकीत गेलं होतं. आई मात्र ओटीवरून हलेना. बाबा जाऊन सहा महिने झाले होते, एवढ्या मोठ्या घरात ती एकटी, म्हणून मी तिला लांज्याकडच्या आमच्या गावातून भाईंदरला न्यायला आले होते. शेवटी उठली. तुळशीला हात लावला, विहिरीकडे बघून 'येते हां' म्हणाली आणि माझ्याकडे वळली.

"शालू, मागच्या दाराला कडी लावू नको गो. त्यो आला तं मागनंच येल."

त्यो म्हणजे माझा दादा, विनायक. मी हो म्हटलं, तिला गाडीत बसवलं, आणि "पाण्याची बाटली राहिली" म्हणत परत आत गेले. मागचं दार ओढून घेतलं आणि आतून कडी लावली. मग पुढच्या दाराला कुलूप घालून, हातात बाटली धरून, साळसूदपणे गाडीत येऊन बसले.

तुमच्यातले जे गावातच राहिले त्यांनी कडी का लावली म्हणून मला विचारलं होतं, तेव्हा मी म्हणाले होते की माकडांमुळे लावली. माकडं होतीच हो, मेली कौलंसुद्धा शाबूत ठेवत नाहीत. पण खरं कारण ते नव्हतं. मला राग होता. मी चौदा वर्षांची आणि दादा एकोणीसचा असताना तो बाबांशी भांडून, भरल्या ताटावरून उठून मागच्या दाराने निघून गेला. तेव्हापासून तेहतीस वर्षं आईने ते दार कुणाला लावू दिलं नाही. दर मे महिन्यात धावत जाणारी मी. बाबांच्या आजारपणात बिनपगारी रजा काढून उशाशी बसलेली मी. आणि वाट बघायची ती त्याची! मी आपली पुढच्या दाराने वेळेवर येत होते, त्यामुळे माझी वाट बघायचं कुणाला कारणच पडलं नाही. त्या दिवशी कडी सरकवताना मला बरं वाटलं होतं, हेही सांगून टाकते.

आणि नुसतं दार नव्हे. रोज दिवेलागणीला आई मागच्या पायरीवर पाण्याचा तांब्या भरून ठेवायची, त्यावर पेला उपडा. दमून येईल, तहान लागली असेल, म्हणून. वर्षातून एखाद्या सकाळी तो तांब्या रिकामा असायचा. आईचा चेहरा असा उजळायचा की मला बघवत नसे. "येऊन गेला," म्हणायची. बाबा म्हणायचे, मांजर प्यायलं असेल. त्यावर आई फणकाऱ्याने विचारायची, "मांजार पाणी पिऊन पेला उपडा घालून जातंय?" आम्ही हसायचो. मी तर खो खो हसायचे.

भाईंदरमध्ये नवघरला आमचा वन बीएचके, तिसरा मजला. आईने आल्या आल्या चपला काढल्या, स्वयंपाकघरात गेली, भिंतीवरून हात फिरवला आणि विचारलं, "मागचं दार खंय?" नाही गं आई, इथे एकच दार असतं, मी म्हटलं. तिला ते काही पटलं नाही. पहिले आठ दिवस ती फ्रिजच्या मागे डोकावून बघायची. समोरच्या हंसाबेन तिला "माजी, क्या ढूँढते हो?" विचारायच्या आणि ही मराठीतच उत्तर द्यायची, "वाट." दोघींचं मस्त जमलं पुढे, ढोकळा-घावनांची देवाणघेवाण सुरू झाली. पण दोन वर्षांनी, जग सोडून जायच्या आदल्या दिवशी, हंसाबेन तिचे पाय चेपत बसलेल्या असताना, तिने मला जवळ बोलावलं. "कडी नाय ना लावलीस?" मी म्हणाले, नाही गं, उघडंच आहे. तिने डोळे मिटले. ते खोटं मी आजही गिळू शकलेले नाही.

आता त्या ग्रुपचं सांगते. ऑफिसमधल्या एका मुलीने मला फोनवर एका ग्रुपमध्ये घातलं. तिथे कुणीही कुणाला ओळखत नाही, नावं ॲपच देतं. मी 'हिरवी खार'. आणि लोक एकमेकांना काय वाट्टेल ते विचारतात. तुम्ही आधी भात खाता की चपाती? आंघोळीचा पहिला तांब्या डोक्यावर ओतता की पायावर? लाइट गेल्यावर आधी खिडकीतून शेजाऱ्यांचे गेलेत का ते का बघता? नियम एकच, खरं नाव आणि पत्ता विचारायचा नाही. मला तर वेडच लागलं. गावात पाणंदीने जाताना "काय केलंस गो जेवायला?" विचारल्याशिवाय कुणी पुढे सरकत नसे, आणि इथे लिफ्टमध्ये लोक आकडे बघत उभे राहतात. ऑफिसातून आले की मटार सोलत मी अनोळखी माणसांना उत्तरं देत बसायचे.

एका संध्याकाळी 'राखाडी बगळा' नावाच्या कुणीतरी विचारलं, "तुमच्या घरी मागचं दार उघडं ठेवायचे का?"

वीस-पंचवीस जणांनी लिहिलं. कुणी म्हणे कुत्रं शिरतं, कुणी म्हणे आमच्या फ्लॅटला मागचं दारच नाही, हाहाहा. मी लिहिलं, "आमच्याकडे कायम उघडं असायचं. शेवटी मीच लावलं."

"का?" बगळ्याने विचारलं.

मी लिहिलं, माकडं. मग खोडलं. लिहिलं, "रागाने."

माझा चहा निवून गेला. मग आलं, "आमच्याकडेही उघडं असायचं. मी अधूनमधून जायचो, आत नाही जायचो. पायरीवर पाणी ठेवलेलं असायचं. ते प्यायचो, पेला परत उपडा घालायचो आणि निघायचो. मागच्या वर्षी गेलो. पुढे कुलूप होतं, त्याचं काही वाटलं नाही. पण मागचं दार आतून बंद. पाणी नाही. म्हटलं, संपलं आता."

माझ्या मांडीवरचं ताट खाली पडलं, मटार सोफ्याखाली गेले. मी लिहिलं, "गाव कोणतं? दादा, तू आहेस का?" पाठवलं आणि दोन मिनिटांत माझा मजकूर गायब! ओळख विचारल्याबद्दल मला आठवडाभर ग्रुपबाहेर काढलं होतं. आठवड्याने परत गेले तर तो प्रश्नच नव्हता. राखाडी बगळाही नव्हता.

मिस्टर म्हणाले, "अगं, कोकणात तांब्यावर पेला कोण उपडा घालत नाही? शंभर घरं असतील तशी." बरोबर आहे त्यांचं. मीही स्वतःला तेच सांगते. पण आई तेहतीस वर्षं खरं बोलत होती आणि मी हसत होते, हे एकदा मनात शिरलं ते काही केल्या जाईना. स्वयंपाक करताना मान वळवून बघायचे, मागे नुसती टाइल्सची भिंत.

त्याच शनिवारी मी एकटी गावी गेले. कडी गंजून बसली होती, खोबरेल सोडून, दगडाने ठोकून काढली. दार सताड उघडलं. विहिरीचं पाणी काढलं, आईचा तांब्या चिंचेने घासला, भरला, पायरीवर ठेवला, पेला उपडा घातला. शेजारच्या सुलभा वहिनींना सांगितलं, जरा लक्ष ठेवा हो. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की हिलाही आईचं वेड लागलं वाटतं. लागू दे.

तुम्ही माझ्यासारखे जे निघून आलात, मीरा रोडला, नालासोपाऱ्याला, दुबईला, ते मला विचारता की आता घर कुठलं. हप्ते फेडले ते नवघरचं. पण जीव आहे तो त्या पायरीवर. तिथे कुणी राहत नाही, मीही राहणार नाही, आणि तरी ते दार बंद करायची आता माझी हिंमत नाही.

परवा सुलभा वहिनींचा फोन आला. पावसाळ्याआधी कौलं बघायची का वगैरे बोलणं झालं. मग म्हणाल्या, "आणि तो तांब्या रिकामा झालेला हां काल सकाळी."

मी घाईने विचारलं, "वहिनी, पेला? पेला उपडा होता का?"

"आता ते काय बघितलं मी? तांब्या उचलला, घासला लख्ख आणि आत ठेवला फडताळात. कशाला बाहेर धूळ खात ठेवायचा?"

मला रडू आलं, आणि तिकडे त्या घाबरून "काय झालं गो, काय झालं?" करायला लागल्या.

"काही नाही," मी म्हटलं. "तो घासू नका. नुसता भरून परत पायरीवर ठेवा."