गोळी ठेवून जा

मी पुण्यात फार्मसी शिकले आणि आता नेदरलँड्समधल्या हार्लेममध्ये नशेच्या गोळ्या तपासते. हे मी मुद्दाम असंच सांगते, समोरच्याचा चेहरा बघण्यासारखा होतो. काम सरकारी आहे, लपूनछपून काही नाही. पार्टीला जाणारी पोरं आपली गोळी आणतात, तिच्यात नेमकं काय आहे ते आम्ही तपासून सांगतो. ‘ही चांगली आहे, घे’ असं कधीच म्हणत नाही आणि नाव कुणालाच विचारत नाही. आमच्याकडे ही सोय सुरू झाली तेव्हापासून मी तिथे आहे, आणि मला त्याचा भारी अभिमान आहे.

एका संध्याकाळी आपल्याकडचा एक मुलगा आला. माझं मंगळसूत्र बघितलं मात्र, पठ्ठ्या मोडक्या मराठीत सुरूच झाला. नमस्कार काकू, मग आडनाव, मूळ गाव सातारा, आईबाबा उइटहॉर्नला, स्वतः एनस्खेडेला इंजिनिअरिंगला. मोठ्यांनी विचारायच्या आत सगळं सांगून मोकळं व्हायचं, हे आपण मुलांकडून इतकं घोटून घेतो की जिथे नाव सांगायचंच नसतं तिथेही ते तोंडातून निघतं.

मग आपण कुठे उभे आहोत ते त्याच्या लक्षात आलं. चेहरा पार उतरला. गोळी मित्राची आहे असं पुटपुटत त्याने पुडी खिशात कोंबली आणि दाराकडे वळला. मला हसू येत होतं, ते विरलं. शनिवारी पार्टी होती, आणि हा ती गोळी न तपासताच घेणार हे मला स्वच्छ दिसत होतं.

“इकडे ये,” मी आवाज चढवला. “इथे मी कोणाची काकू नाही. तू सांगितलंस ते मी ऐकलेलंच नाही. गोळी ठेवून जा.”

तो दारात घुटमळला. शेवटी परत येऊन त्याने पुडी टेबलावर ठेवली.

गोळीत त्याला वाटत होतं ते नव्हतंच. भलतंच काही होतं, उशिरा चढणारं. काही होत नाही म्हणून पोरं वरून दुसरी घेतात आणि तिथेच घात होतो. निकाल विचारायला त्याचा फोन आला तेव्हा मी हे सांगितलं. तो म्हणाला, मित्रांकडेही त्याच आहेत, सगळ्यांना फेकायला लावतो. फोन ठेवल्यावर मला रडू आलं.

पुढे इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत तो आईबरोबर दिसला. आईने ओळख करून दिली, आणि मी पहिल्यांदाच भेटत असल्यासारखं काय शिकतोस म्हणून विचारलं. तोही शहाण्यासारखं उत्तर देऊन पंगतीत वाढायला गेला. मग बाईंनी माझ्या नोकरीची चौकशी केली. मी सांगितलं. त्यांनी नाक मुरडलं.

“असल्यांचे लाड कशाला? मरू देत की.”

तो नेमका मोदकांचं ताट घेऊन आमच्यापुढे आला होता.

“कोणाची तरी पोरं असतात हो ती,” मी म्हणाले. “मरू नयेत म्हणूनच मी तिथे बसते.”

तुमचं आपलं काहीतरीच, असं म्हणत त्यांनी मुलाला काकूंना आग्रह करायला सांगितलं. त्याने माझ्या पानात एक मोदक वाढला, मग न विचारताच आणखी एक. आई त्याच्याकडे कौतुकाने बघत होती, आणि मीसुद्धा.